घटस्फोटाचं समन्स आलंय, सरकारी खर्चाने वकील कसा मिळेल?

उदगीरकर:
तालुक्यातल्या एका शेतमजूर ताईंना बीडच्या न्यायालयातून घटस्फोटाचं समन्स आलं आहे. त्या इथे उदगीरला (जि. लातूर) माहेरी राहतात. मोफत वकिलासाठी आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा, असं गावात सांगतात. तोवर तारीख निघून जाईल. अर्ज बीडला द्यायचा की इथेच? वकिलाला वरून पैसे द्यावे लागतात का?

विधी_स्वयंसेवक:
दाखल्यामागे धावू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतले यांनाही नाही. महाराष्ट्रातली वार्षिक ३ लाखांची मर्यादा उत्पन्नाच्या आधारावर मदत मागणाऱ्यांसाठी आहे, तिथेही शपथपत्र चालतं.

उदगीरच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला तर तो बीडला पाठवता येतो. पण तारीख आठवड्यावर असेल तर टपालाच्या भरवशावर राहू नका, थेट बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या. दावा क्रमांक, न्यायालय आणि पुढची तारीख पहिल्याच ओळीत लिहा. नुसतं 'वकील हवा' लिहिलेले अर्ज पडून राहतात. समन्स, पतीच्या अर्जाची प्रत आणि आधार जोडा, आवक क्रमांकाची पोच घ्या. निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. काही अडलं तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.

वकील_मराठवाडा:
सगळ्यात मोठा घोळ मुदतीचा होतो. कैफियतीचे, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याचे, ३० दिवस समन्स हाती पडल्यापासून मोजतात, वकील नेमल्यापासून नाही. न्यायालय कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढ देऊ शकतं. तारखेपर्यंत वकील मिळाला नाही तरी ताईंनी स्वतः हजर राहावं, अर्जाची पोच दाखवून लेखी मुदत मागावी. गैरहजर राहिल्या तर एकतर्फी आदेश होतो, आणि तो रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे.

हिंदू विवाह कायद्याखाली दावा असेल तर कलम २४ खाली दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी पहिल्या तारखेलाच मागावी. पोटगीचा स्वतंत्र अर्ज (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४) उदगीरलाच करता येतो, त्यासाठी वकील इथल्या समितीकडून वेगळा मागा. बीडचा दावा लातूर जिल्ह्यात आणायचा तर अर्ज उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात करावा लागतो, तिथेही विधी सेवा उपसमिती आहे.

न्याय_सर्वांना:
पैसे एक रुपयाही द्यायचे नाहीत. मानधन, प्रोसेस फी, टंकलेखन, निकालाच्या प्रती हे सगळं प्राधिकरणाकडे. वकिलाने मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मागता येतो. नेमणूकपत्राची प्रत आणि वकिलांचा नंबर मात्र त्याच दिवशी घ्या. नेमणूक झाल्याचं पक्षकाराला कळतच नाही, असं फार होतं.

फौजदारी खटल्यांसाठी २०२२ च्या योजनेतून पूर्णवेळ बचाव वकील नेमले जाऊ लागले. कौटुंबिक दाव्यांत अजून पॅनेलवरच, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या खासगी वकिलांवरच, भिस्त आहे. शासनाने खरा पैसा इथे घालायला हवा. आणि प्रत्येक समन्सवर १५१०० ठळक छापावा, म्हणजे दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालण्यात लोकांचे दिवस जाणार नाहीत.

उदगीरकर:
तारीख पुढच्या गुरुवारी आहे, म्हणजे थेट बीडच. उद्याच अर्ज देतो. कलम २४ चा अर्ज सोबत तयार ठेवायला सांगतो.