मायभूमीला ‘परत’ जायचं म्हणजे नक्की कुठे?

शनिवार_तेली (ठाणे):
भाचा पुढच्या महिन्यात इस्राएलला चाललाय, कायमचा. वय २६, नोकरी बरी, ठाण्यात स्वतःचं घर. बहीण पेढे वाटत सांगतेय, “मुलगा मायभूमीला परत जातोय.” माझी तक्रार या ‘परत’ शब्दाशीच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेलाचे घाणे चालवले. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणायला लागले. गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर झालो. १९४८ ला इस्राएल झालं, १९५० ला तिथे ज्यूंना येऊन नागरिक होण्याचा हक्क देणारा कायदा आला, आणि वीस हजारांच्या आसपास असलेला आमचा समाज बघता बघता निघून गेला. आता गावाकडच्या सिनेगॉगमध्ये सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर फोनाफोनी करावी लागते.

माझे आजोबा १९५० ला गेले होते. मुंबईत रेल्वेत कारकून, तिकडे बेरशेबाला पत्र्याची खोली. प्रार्थनेतली हिब्रू तोंडपाठ, पण बाजारात भाव विचारता येईना. रेशनचे दिवस. पावाच्या रांगेत “काळ्यांना काळा पाव” असं एकानं सुनावलं, ते आजोबा मरेपर्यंत विसरले नाहीत. १९५१-५२ मध्ये आमच्यातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं. मागणी एकच, आम्हाला भारतात पाठवा. शेवटी पाठवलं. मुंबईत पाय ठेवल्यावर आजोबा म्हणाले होते, “आत्ता आलो परत.”

मग भाचा नेमका कुठे परत चाललाय, सांगा.

दिमोनाची_माई:
दादा, तुमच्या आजोबांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या वेळी जे भारतात परतले, त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इस्राएलला आले. ते का, हे पण लिहा की.

मी १९६८ ला आले, अकरा वर्षांची होते. पनवेलहून थेट इथल्या वाळवंटातलं दिमोना. रात्री बसमधून उतरवलं, सकाळी खिडकी उघडली तर झाड नाही, विहीर नाही, नुसती पिवळी माती. आई तीन दिवस रडत होती. बाबा कचेरीत टाय लावून जाणारे, इथे कापडगिरणीत पाळीला उभे राहिले. हे सगळं खरं. पण बाबांना मुंबईत प्रत्येक शनिवारी साहेबाकडे तोंड वेंगाडावं लागायचं, ते इथे आयुष्यात परत करावं लागलं नाही. इथे अख्खा देशच शनिवार तेली आहे हो! शुक्रवारी दुपारी बस बंद, दुकानं बंद, रस्त्यावर शांतता. ज्याला हे जन्मात मिळालं नाही, त्यालाच त्याची किंमत कळते.

आणि मराठी सुटली का? माझ्या घरी अजून बोंबलाचं कालवण होतं, नारळाच्या दुधातलं मटण होतं. (मटणात गाईम्हशीचं दूध चालत नाही आमच्यात, म्हणून कोकणचा नारळ कामाला आला. देवानं बरोबर किनाऱ्याला लावलं आम्हाला.) इथे मराठीत ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक निघत आलंय. महाराष्ट्र दिन करतो आम्ही. ठाण्यात किती जण करतात?

उलपान_नापास:
माई, मान ठेवून विरोध. मी चार वर्षं राहून परत आलोय, त्यामुळे दोन्हीकडची धुणी पाहिलीत.

तुम्ही शनिवार सांगितलात, १९६२ पण सांगा. तेव्हा तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीनं फतवा काढला की बेने इस्राएल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे दोन हजार वर्षं शब्बाथ पाळला, सुंता केली, ‘शेमा’ची प्रार्थना म्हटली, आणि मायभूमीत पोचल्यावर ऐकायचं काय, तर कागद दाखवा! लोक मुलाबाळांसकट येरुशलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यूच आहेत. भारतात आम्हाला हे सिद्ध करायला कधी कोणी सांगितलं? तेली म्हटलं असेल, पण खोटे तेली नाही म्हटलं.

माझा अनुभव साधा आहे. उलपानात पाच महिने हिब्रू शिकलो, सुरुवातीचा सरकारी भत्ता मिळाला, कोणी वाईट वागलं नाही. पण मुलाखतीत प्रत्येक जण “हिंदू होतास का आधी?” असं प्रेमानंच विचारायचा. चार वर्षं प्रेमानं विचारलेल्या त्याच प्रश्नाचा कंटाळा येतो. इकडे ‘ज्यू म्हणजे ख्रिश्चनांतले का?’ विचारतात ते वेगळंच, पण त्याची सवय होती.

नागावची_वाडी:
मी ज्यू नाही, नागावचा. तुमच्या लोकांची घरं आमच्या आळीत होती. आमच्या अलिबागकडच्या खंडाळे गावाजवळचा (घाटातलं खंडाळा नव्हे) तो खडक, ज्यावर एलियाहू नबीच्या रथाच्या चाकांची खूण आहे म्हणतात, तिथे इस्राएलहून बसगाड्या भरून लोक येतात. नारळ-पोह्यांचा मलिदा करतात, रडतात, फोटो काढतात आणि जातात. इतकं रडू येतं तर गेलात कशाला? तुम्हाला इथे कोणी त्रास दिला नव्हता. हे सगळं जगात क्वचित घडलंय, त्याची तरी कदर करा.

दिमोनाची_माई:
नागावकर, कदर आहे म्हणूनच येतो. पण “कोणी त्रास दिला नाही” एवढ्यावर माणूस आयुष्यभर कुठे राहतो का? माझ्या आजीला गावच्या पाणवठ्यावर कुठे उभं राहायचं ते ठरलेलं होतं. ‘तेली’ म्हटलं की गावकीत कुठे बसवायचे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि उलपानवाल्या दादा, १९६२ बद्दल तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं, माझे काका त्या धरण्यात होते. पण एक खासगीतलं पण बोलू या. आपल्यात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ होते की नाही? आई बाहेरची असली की तो काळा, त्याच्याशी सोयरीक नाही. ते कोकणातच शिकलो ना आपण? मग रब्बींनी वंश विचारला तेव्हा एवढा धक्का कसला बसला?

सॅम्युएल_स्ट्रीटवाला (मुंबई):
माईंनी वर्मावर बोट ठेवलं. इथे गप्प बसणारे बरेच असतील. 😐

उलपान_नापास:
मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याच घरात एका आत्याचं लग्न त्यापायी मोडलं.

तरी माझा मुद्दा तिथेच आहे. २६ वर्षांच्या मुलानं जावं, जरूर जावं. पण ‘मायभूमी’ म्हणून जाऊ नये, ‘परदेश’ म्हणून जावं. परदेशात कोणी मान दिला तर आनंद होतो, मायभूमीत दिला नाही तर जीव जळतो. मी मायभूमी समजून गेलो, तिथेच फसलो. माझ्यासोबतचा एक पोरगा निव्वळ पगारासाठी आला होता, तो मजेत आहे, लग्नही झालं.

शनिवार_तेली (ठाणे):
आजोबांबद्दल माईंनी विचारलं, तर हो, १९७० च्या आधी त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा काका, पुन्हा गेला. लोदला आहे. आजोबांनी त्याच्याशी दोन वर्षं पत्रव्यवहार केला नाही. नंतर दर पत्राच्या शेवटी “तिकडे पाऊस पडतो का” एवढंच विचारायचे. हे मी वर लिहिलं नाही, कारण माझ्या बाजूला बसत नव्हतं.

भाच्याला धागा दाखवला. तो म्हणाला, “मामा, मला शनिवारी ऑनकॉल नको आहे, बस.” बाकी हल्ल्याचा सायरन वाजला की किती सेकंदांत सुरक्षित खोलीत शिरायचं, ते त्यानं आधीच शोधून ठेवलंय. तो काही स्वप्नात नाही, हे बघून मला जरा बरं वाटलं आणि जरा भीतीही वाटली.

बहिणीनं मलिद्यासाठी तीन किलो पोहे बांधलेत. बॅग तेवीस किलोच्या वर चाललीय.

दिमोनाची_माई:
पोहे काढा, इथे कोपऱ्यावर मिळतात. कोकमं द्या, चांगली, आगळाची नकोत, सुकी. आणि पोहोचल्यावर पहिल्या शुक्रवारी त्याला माझ्याकडे पाठवा. बोंबील खातो ना?