अनुभव धागा: लॉन, हळदी, गेट-टुगेदर आणि 'परवाना कोणी काढलाय?'

गंगापूररोडकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून ३१ डिसेंबरवरून राडा चालूये. टेरेसवर पार्टी, जेवण कॅटररचं, "बाकीची सोय" हौशी मंडळी बघणार वगैरे. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांनी एकच ओळ टाकली, दारूचा परवाना कोण काढणार? तेव्हापासून ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं येतायत.

त्यावरून आमच्या बॅचचं रियुनियन आठवलं. शहराबाहेर एक लॉन घेतलं होतं, अ‍ॅडव्हान्स देऊन झाल्यावर मालक म्हणे ड्रिंक्स असतील तर एक दिवसाचं लायसन आणा, नाहीतर बाटल्या गाडीतच राहू द्या. आम्हाला वाटलं हे पालिकेचं काम, म्हणून विभागीय कार्यालयात गेलो. तिथला क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, "आमच्याकडे मैदान, मांडव अन् कचरा. स्पीकरचं पोलिसांकडे. तुमचं जे आहे ते एक्साइजला." म्हणजे राज्य उत्पादन शुल्क. मग अर्ज, जागामालकाचं पत्र, किती माणसं, किती ते किती वाजेपर्यंत, माल लायसन असलेल्या दुकानातूनच आणि बिल जवळ पाहिजे. फी ऐकून दोघांनी वर्गणी परत मागितली 😄 कार्यक्रमाच्या रात्री खरंच साहेब आले, कागद बघितला, बिलं बघितली, गुलाबजाम नको म्हणाले आणि गेले. मला तर तोच क्षण पार्टीतला सगळ्यात भारी वाटला, शंभर माणसांत एकटा मीच ताठ मानेने उभा होतो.

तुमचे किस्से टाका. लग्न, मंडळ, फेस्ट, काहीपण चालेल.

सिडकोवाली
भावाची हळद आणि मतदान एकाच आठवड्यात!! मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय असतात हे मांडव घातल्यावर कळलं. सगळे मामा, काका, आत्याचे मिस्टर आठ वाजताच "उद्या लवकर उठायचंय" म्हणून निघाले. डीजेवाल्याला पैसे तर दिलेलेच होते मग आई, मावशी, काकू सगळ्या जणी नाचल्या, आजी पण. इतकी छान हळद आमच्या घरात झालीच नव्हती. मी म्हणते प्रत्येक लग्न मतदानाच्या आदल्या दिवशी ठेवा. बाळ उठलं, नंतर लिहिते

कोर्टाच्या_पायऱ्या
दोन कागदांत लोक गोंधळ घालतात. एक, पिणाऱ्याचा स्वतःचा परवाना, दोन, कार्यक्रम करणाऱ्याचं लायसन. पहिला एक दिवसाचा ५ रुपयाला, देशीचा २ रुपयाला, दुकानातच पुस्तक असतं पण मागतो कोण. आजीवन १००० रुपये. आपला कायदा अजून १९४९ चा दारूबंदीचाच आहे, बंदी हा नियम आणि पिणं हा अपवाद, म्हणून परवान्यावर "आरोग्य टिकवण्यासाठी" असं लिहिलेलं असतं, हसू नका खरंच असतं. बिनलायसनच्या जागेत बसवलं तर जागेवाल्यावर कलम ६८ आणि बसणाऱ्यांवर ८४. धाब्यांवर धाड पडते तेव्हा हेच. आणि वय बीअरला २१, हार्डला २५. इंजिनिअरिंगच्या फायनल इयरच्या सेंड-ऑफमध्ये हार्ड कायदेशीरपणे पिऊ शकणारा एकच असतो, तो बारावीपासून गॅप घेत आलेला.

सिडकोवाली
@कोर्टाच्या_पायऱ्या आरोग्य 😂😂 नवऱ्याला दाखवते. नको, नाही दाखवत.

देवळाली_कॅम्प
मी माजी सैनिक. घरात कार्य निघालं की आधी मला फोन, तब्येत विचारायला नाही, लष्करी कॅन्टीनच्या दारूचा कोटा विचारायला. पुतण्या म्हणतो काका तुमचं कार्ड द्या, मुलीच्या बारशाला पाहुणे आहेत. बारशाला?? कॅन्टीनचा माल स्वतःपुरता असतो, वाटायला आणि विकायला नाही, हे मी सांगून थकलो. शेवटी कार्ड हिच्या मंगळसूत्राच्या डब्यात ठेवलं आहे. आता फोन येत नाहीत. तेही एक प्रकारे बरंच आहे.

गंगापूररोडकर
काका सलाम 🙏 वहिनींना नमस्कार सांगा

बागायतदार_निफाड
आमच्याकडं उलटी गंमत. द्राक्ष आमची, वाइन आमच्या नाशिक जिल्ह्याची, २००१ ला सरकारनं वाइनचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, पण गावच्या जत्रेत कुणी स्टॉल टाकतो म्हणला तर गाव उभं फाडंल. सुलाफेस्ट, म्हणजे सुला वाइनवाल्यांचा गाण्याबजावण्याचा फेस्ट, २००८ पासून सुरू झालं तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गंगापूर धरणाचा रस्ता जाम, आणि आम्ही द्राक्षवाले बाहेर ट्रॅक्टर घेऊन उभे. एकदा दुसऱ्या एका फेस्टला पोराला घेऊन गेलो, गेटवर त्याचं आधार तपासलं, २१ ला दोन महिने कमी, आत घेतलंच नाही. त्याचीच छाटणी केलेली द्राक्ष आत ग्लासात. मी पण मग नाही गेलो, दोघांनी रस्त्यात भजी खाल्ली. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आमच्या पारावर तर दोन भाऊ बोलायचे बंद झाले त्याच्यावरून. एकाची बाग, दुसऱ्याची भजनी मंडळी. आज पाणी द्यायचंय, लाइट रात्री आहे, येतो.

पंचवटीतून
मंडळाचा अनुभव. अनंत चतुर्दशीला दुकानं बंद, पण आदल्या रात्रीचा साठा असतोच ना. एका वर्षी एक जण झांजा वाजवत थेट ट्रॅक्टरखाली जायचा वाचला. तेव्हापासून मंडळात ठरलं, वास आला तर ढोल काढून घ्यायचा, मग तो अध्यक्षाचा भाऊ का असेना. पोलिसांच्या परवानगीच्या कागदावर चिक्कार अटी असतात, त्या कोणी वाचत नाही, ही एक अट मात्र सगळ्यांना पाठ. आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी (धप्पा) मारायला पण तेच, शनी चौकात या कधी, धप्पा मारणाऱ्याला नुसतं पाणीच चढतं. माझी एक चप्पल अजून तिथे आहे.

आडगावकर
@पंचवटीतून रहाड म्हणजे तिवंध्याची 💪

पंचवटीतून
सुरू झालं यांचं

माहेर_दिंडोरी
तुम्ही परवान्याचं बोलताय, आमच्या माहेरी बायकांनी दुकानच बंद केलं. आधी सह्या, मग मतदान, चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली. माझी आई कधी ग्रामसभेला गेली नव्हती, त्या दिवशी नवी साडी नेसून सकाळी सातला रांगेत. बाटली आडवी झाली. बाबा त्या वेळी महिनाभर आईशी नीट बोलले नाहीत, आता स्वतःच पाहुण्यांना सांगतात आमच्या हिने केलं. तरीपण लग्नात चोरून येतेच शेजारच्या गावातून, तेव्हा फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. पण रस्त्यावर, देवळासमोर बसणं थांबलं. ते मला फार आहे.

सिडकोवाली
काकूंना माझा दंडवत सांग गं ❤️

कोर्टाच्या_पायऱ्या
@गंगापूररोडकर टेरेसचं काय ठरलं? पार्टीचं जमो न जमो, स्पीकर दहाला बंद. जिल्हाधिकाऱ्यांच्या सवलतीच्या यादीत तो दिवस असेल तरच बारापर्यंत, ते आधी बघून घ्या.

गंगापूररोडकर
सेक्रेटरी म्हणतायत मसाला दूध ठेवू. कोजागिरीचं भांडं आहेच सोसायटीचं.

आडगावकर
३१ ला मसाला दूध 💀

देवळाली_कॅम्प
दुधात सुंठ घाला. थंडी बाधत नाही.

बागायतदार_निफाड
मोटर लागली. काका सुंठ नको, जायफळ. अन् ते कॅटररवाले कोण होते गुलाबजामवाले, नंबर द्या, पुतणीचं लग्न आहे फेब्रुवारीत

गंगापूररोडकर
पाठवतो दादा. फक्त आधीच सांगा त्यांना, मठ्ठा पातळ करतात.

माहेर_दिंडोरी
फेब्रुवारीत कुठली तारीख? आमच्या पण चुलत दिराचं आहे, तेच लॉन तर नाही ना घेतलं कोणी