मदत हवी आहे: नर्सिंगची पहिली नोकरी, वॉर्ड घेऊ, आयसीयू की एनआयसीयू?

नमस्कार. यंदा बीएस्सी नर्सिंग पूर्ण झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं. पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात निवड झाली आहे. मेट्रन मॅडमनी तीन जागा सांगितल्या: मेडिकल वॉर्ड, मेडिकल आयसीयू आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू. सोमवारपर्यंत कळवायचं आहे.

वर्गातल्या मुली म्हणतात, डोळे झाकून आयसीयू घे, बाहेरच्या देशात जायचं झालं तर त्याच अनुभवाला मागणी असते. कॉलेजच्या मॅडम म्हणतात, आधी वर्षभर वॉर्ड कर, हात बसू दे. माझा ओढा एनआयसीयूकडे आहे.

इंटर्नशिपमध्ये सिव्हिलच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) पोस्टिंग होतं. तिथल्या इन्चार्ज सिस्टर बाळाचं रक्त तपासणीला काढलं की दर वेळी किती मिली काढलं ते चार्टवर लिहायच्या. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त ८०-९० मिली, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढं. दोन-दोन मिली चारदा काढलं की जवळजवळ दहावा हिस्सा गेला. त्या दिवसापासून तिथलं काम डोक्यातून जात नाही. कांगारू केअरला बाळ आईच्या छातीवर दिलं, की मॉनिटरवरचे आकडे हळूहळू स्थिर होताना बघायला मला फार आवडायचं.

पण सुरुवातच एनआयसीयूतून केली तर मोठ्या पेशंटचं काम हातातून जाईल का? पुढे नॉरसेट (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) द्यायची आहे, तिथे अडचण येईल का? आणि दोन वर्षांनी आयसीयूत जावंसं वाटलं तर कुणी घेतं का? अनुभवी सिस्टर-ब्रदरनी कृपया सविस्तर सांगावं.

रात्रपाळी:
अभिनंदन गं! मी आधी मेडिकल वॉर्ड केला, मग आयसीयूत गेले, आता तिथेच इन्चार्ज आहे. तुझ्या मॅडम म्हणतात त्यात तथ्य आहे. वॉर्डात शिकायचं असतं ते एवढंच, की वीस पेशंटमधला कोण बिघडायला लागलाय. काल गप्पा मारणारे काका आज डब्याला हात लावत नाहीत, नुसते बसून आहेत. टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाची नोंद) श्वास १८ लिहिलेला, कारण कालही १८ होता आणि शेजारच्या बेडचाही १८. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं तर २८ भरतात. बीपी नॉर्मल असतानाच हे दिसतं. डॉक्टरांना तेव्हा फोन गेला तर पेशंट वाचतो. ही नजर वॉर्डात फार लवकर तयार होते.

आयसीयूत पेशंट एक किंवा दोन, पण प्रत्येकाला शिरेतून सतत चालणारी चार-चार इन्फ्युजन. नॉरअ‍ॅडची सिरिंज (बीपी टिकवणारं औषध) संपायच्या आधी दुसरी भरून तयार हवी, बदलताना जरा खंड पडला तरी बीपी धाडकन खाली येतं. शेजारी शिकवणारं कुणी असेल तर फ्रेशरलाही हे जमतं. नसेल तर पहिल्या महिन्यातच मुलगी खचते. अशा चांगल्या मुली नोकरी सोडून गेलेल्या मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

म्हणून विभागापेक्षा तो विभाग नवीन मुलीला कसा घडवतो ते आधी बघ. मेट्रनना स्पष्ट विचार: किती आठवडे सीनियरसोबत ड्युटी? त्या काळात मला स्वतंत्र पेशंट देणार का? पहिली नाईट कधी? नाईटला अनुभवी सिस्टर किती? यात संकोच करू नकोस. नीट उत्तर मिळालं तर खुशाल एनआयसीयू घे, मन तिथेच आहे तुझं.

मिरजकर ब्रदर:
नॉरसेटची काळजी नको. अनुभवाची अट जीएनएम डिप्लोमावाल्यांना आहे, बीएस्सीला नाही. परीक्षेत सगळेच विषय येतात, त्यामुळे मेडिकल-सर्जिकलचं वाचन सोडू नका. एनआयसीयूतून थेट मोठ्यांच्या आयसीयूत जाताना बहुतेक ठिकाणी पुन्हा नव्यानेच सुरुवात धरतात, ही तयारी ठेवा. बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचे कोर्स) करून ठेवलं तर मदत होते, दोन्ही दर दोन वर्षांनी रिन्यू करावे लागतात. आणि बाँड सहीआधी पूर्ण वाचा. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार असतील तर देऊ नका, दाखवून परत घ्या आणि झेरॉक्स द्या.

धागाकर्ती:
ताई, दादा, मनापासून धन्यवाद. उद्याच मेट्रन मॅडमना फोन करून सीनियरसोबतच्या ड्युटीचं आणि नाईटचं विचारते. उत्तर समाधानकारक वाटलं तर एनआयसीयू, नाहीतर वॉर्ड. आयसीयू सध्या नको असं ठरवलंय.

एनआयसीयूत काम करणारं कुणी इथे आहे का? औषधाचा डोस वजनावर काढून पॉइंटमध्ये (मिलीच्या दशांशात) भरायचा असतो, डायल्यूशनही (औषध किती पातळ केलं ते) दोघींनी तपासायचं. रात्री दुसरी सिस्टर दुसऱ्या बाळात अडकली असेल तर तुमच्याकडे हे कसं करता?