मदत हवी आहे: पेसमेकर असलेल्या वडिलांना कारचा कारखाना दाखवायचा आहे

नमस्कार,

पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन कारचा कारखाना बघायला जाणार आहे. दीड तासाची फेरी आहे, वीस जणांचा गट, सोबत कारखान्याचाच माणूस. जागा राखून ठेवल्या आहेत, पण फॉर्म अर्धाच भरून थांबले आहे.

आधी बाबांबद्दल सांगते, कारण प्रश्न तिथूनच आलाय. त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. चेपलेला पत्रा हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने) सरळ करायचा, पुटी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, मग रंग. नुसता तळवा फिरवून ते सांगतात की दार आधी ठोकून काढलेलं आहे की नाही. पण त्यांच्यापर्यंत गाडी यायची ती मोडलेलीच. नवी गाडी घडताना त्यांनी एकदाही पाहिलेली नाही. मागच्या वर्षी पेसमेकर बसला, काम सुटलं. तेव्हापासून ते फार गप्प झालेत. या फेरीचं नाव काढलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःहून चार प्रश्न विचारले, म्हणून मला हे नीट पार पडायला हवंय.

अडचण अशी: फॉर्ममध्ये ‘पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं अन्य उपकरण आहे का’ असा रकाना आहे. बाबा म्हणतात, लिहू नकोस, लिहिलंस की येऊ देणार नाहीत. खरा धोका काय असतो आणि कुठे असतो? की हा फक्त नियम म्हणून विचारतात?

दुसरं, पेंट शॉप फेरीत नाही असं कळवलंय. प्रेस शॉप (पत्र्याला आकार देतात ते), बॉडी शॉप (सांगाडा जोडतात ते) आणि असेंब्ली (बाकीचे भाग बसवतात ती) एवढंच. बाबांना तर सगळ्यात जास्त रंगकाम बघायचं होतं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. मग जे दाखवतात त्यात अशा माणसाने कुठे जास्त लक्ष द्यावं?

आणि एका कानाला श्रवणयंत्र आहे. आवाजात त्यांना सोबतच्या माणसाचं बोलणं कळेल का?

प्रतिसाद

रकाना भरा. बाकी सगळं नंतर.

मी बॉडी शॉपमध्ये आहे. एका गाडीच्या सांगाड्यावर साधारण चार ते पाच हजार स्पॉट वेल्ड (विजेने केलेले ठिपक्याएवढे जोड) पडतात आणि प्रत्येक वेल्डला गनमधून हजारो अँपियरचा प्रवाह सेकंदाच्या काही दशांश भागापुरता जातो. एवढ्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणारच. पेसमेकर हृदयाचे विद्युत संकेत ऐकत असतो. बाहेरच्या क्षेत्रामुळे त्याची गफलत झाली, तर गरज असताना तो ठोका देणार नाही किंवा नको तेव्हा देईल. अंतर वाढलं की हे क्षेत्र झपाट्याने कमी होतं, आणि पाहुण्यांची वाट रोबोंपासून लांब, जाळीच्या बाहेरून असते, हे खरं. पण किती लांब आणि कोणत्या गनजवळून, हे त्या कारखान्यालाच माहीत. तुमच्या उपकरणाला किती चालतं हे पेसमेकर तपासणाऱ्या डॉक्टरांना माहीत. दोघांना विचारा. लपवून नेलंत आणि आत चक्कर आली, तर सोबतच्या माणसाला कारणच कळणार नाही.

प्रतिसाद

आठ वर्षं पाहुण्यांना कारखाना दाखवण्याचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर.

पेसमेकर लिहिला म्हणून आम्ही कोणालाही गेटवरून परत पाठवलं नाही. बॉडी शॉप वगळून त्यांना पुढे नेलं. पण हे आधी कळलं तर जमतं, कारण बरोबर द्यायला एक माणूस जास्त लागतो. ऐन वेळी सांगितलं तर मात्र त्यांना बाहेर बसावं लागतं.

कानाचं: बहुतेक ठिकाणी गाइडकडे माइक आणि पाहुण्यांकडे रिसीव्हर असतो. इअरफोन श्रवणयंत्राच्या कानात बसत नाही. कानावरून बसणारा हेडफोन आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. नसेल तर चांगला कान गाइडच्या बाजूला राहील असे उभे राहा.

बंद बूट हवेत. मोबाइल बहुधा जमा करतात. चालणं दोन-तीन किलोमीटर होतं आणि मध्ये बसायला जागा नसते, तेव्हा खुर्ची लागेल का तेही विचारा. अजून एक, जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट बदलताना लाइन थांबते. तुमची वेळ त्याच्या मध्ये तर नाही ना बघा. थांबलेली लाइन बघून लोक फार हिरमुसतात.

आता काय बघावं. तुमचे वडील पत्र्याचे माणूस आहेत, तर प्रेस शॉपमध्ये घाई करू देऊ नका. सपाट पत्रा एका दाबात खोल ओढला जातो, पुढच्या प्रेसमध्ये कडा छाटल्या जातात, मग भोकं पडतात, मग काठ दुमडतात. चार-पाच ठोक्यांत दाराचा बाहेरचा पत्रा तयार. पायाखालची जमीन थरथरते. लाइनच्या शेवटी माणसं उभी असतात, ती पत्रा उचलून दिव्याखाली तिरपा धरतात आणि हातमोजा घालून त्यावरून हात फिरवतात. ते त्यांना नक्की दाखवा.

प्रतिसाद

पेंट शॉपबद्दल मी सांगतो, तिथेच काम करतो. वडिलांना वाचून दाखवलंत तर आवडेल.

पाहुण्यांना आत न घेण्याचं कारण धूळ. कपड्यातला एक धागा ओल्या क्लिअर कोटवर (सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर) पडला की ते पॅनल पुन्हा घासावं लागतं. आम्ही स्वतः बिनधाग्याचा सूट घालून, हवेच्या झोतातून आत जातो. सिलिकॉन असलेली क्रीम किंवा डिओडरंट लावून येण्याला बंदी आहे, कारण सिलिकॉनमुळे रंग फाकतो आणि फिश आय, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात. तुमच्या वडिलांना फिश आय काय ते मी सांगायला नको.

आत काय होतं तर अख्खा सांगाडा आधी धुतला जातो, मग ईडीच्या (विजेने बसणाऱ्या प्रायमरच्या) टाकीत पूर्ण बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. त्यामुळे प्रायमर पोकळ भागांच्या आतपर्यंत जाऊन बसतो, जिथे कुठलीही स्प्रे गन पोचणार नाही. नंतर भट्टी, साधारण १८० अंश सेल्सिअस. गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास भाजतात, कारण तिथल्या गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. आमच्याकडे येतो तो नुसता पत्रा. हाच मोठा फरक आहे, कसबाचा नाही. ईडी, प्रायमर, बेस, क्लिअर असे सगळे थर मिळून जाडी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते.

वडील अजून गाडीच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणत असतील तर हेही सांगा: ड्युको हे ड्युपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर ते आलं. त्याआधी गाडी रंगवून वाळायला दिवसच्या दिवस लागायचे, ते काम तासांवर आलं.

आणि असेंब्लीत एक गोष्ट चुकवू नका. रंगून आलेल्या गाडीची दारं सगळ्यात आधी काढतात. दारं सांगाड्यावर लावूनच रंगवलेली असतात, म्हणजे छटा तीच राहते. मग ती काढून वेगळ्या लाइनवर काच, कुलूप, वायरिंग बसवतात आणि शेवटी त्याच गाडीला परत लावतात. ज्याने जन्मभर छटा जुळवल्या त्याला हे बघून काय वाटेल, मला खरंच जाणून घ्यायचंय.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

फॉर्म खरा भरला. डॉक्टर म्हणाले, पाहुण्यांच्या वाटेवरून चालायला हरकत नाही, यंत्राला टेकायचं नाही. कारखान्याने मात्र बॉडी शॉपला स्पष्ट नकार दिला आणि एक वेगळा माणूस सोबत दिला. हेडफोनही मिळाला.

पेंट शॉपचा प्रतिसाद मी आदल्या रात्री वाचून दाखवला. १८० आणि ६० चा आकडा त्यांनी दोनदा वाचायला लावला. ‘म्हणजे आपल्या हातात तेवढंच होतं,’ म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना त्याने बरं वाटलं. काही गिऱ्हाइकांनी ‘कंपनीसारखा रंग आला नाही’ म्हणून ऐकवलेलं त्यांनी मनात ठेवलं होतं, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

प्रेस शॉपमध्ये ते पंधरा मिनिटं हलले नाहीत. बाकीचे बॉडी शॉपला गेले तेव्हा आम्ही बाहेरच्या रस्त्याने थेट असेंब्लीत गेलो, त्यामुळे तिथे जास्त वेळ मिळाला. साधारण मिनिटाला एक गाडी पुढे सरकते. वरून सांगाडा खाली येतो, खालून इंजिन आणि चाकांचे दांडे वर जातात. तिथले लोक त्याला ‘मॅरेज’ म्हणतात. मला तेच सगळ्यात भारी वाटलं. बाबा मात्र दारांच्या मागे होते. दार निघालं कुठे, परत आलं कुठे, हे शोधत त्यांनी त्या बिचाऱ्या मुलाला लाइनच्या दोन्ही टोकांना चालवलं. छटेबद्दल विचारलंत म्हणून सांगते: परत लागलेल्या दाराच्या आणि मडगार्डच्या फटीकडे ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘असं असेल तर जुळवायचं काही उरतच नाही.’ नाराजीने नाही म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारलं, जोडणीत ओरखडा पडला तर काय करता? सोबतच्या मुलाने एका बाजूच्या खोलीपाशी नेलं. आत जाता आलं नाही, काचेतून पाहिलं. दिव्याखाली एक माणूस बॉनेटवर वाकून हाताने एवढासा ठिपका घासत होता. रोबो नाही, काही नाही. बाबांनी विचारलं, कोणत्या नंबरचा पेपर आहे? मुलाने आत जाऊन विचारून आणलं, दोन हजार.

‘बरोबर,’ बाबा म्हणाले, आणि तो ठिपका पुरा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.