शब्दचर्चा : कादंबऱ्यांतला रेसिझम – वर्णद्वेष, वर्णभेद की वंशवाद?

विचारणा (सोलापूर) :
आमच्या वाचक मंडळात टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीवर मला बोलायचं आहे. टिपणात मी सगळीकडे ‘वर्णद्वेष’ लिहिलं. मंडळातल्या एका काकांनी विचारलं, “हा चातुर्वर्ण्यातला वर्ण का?” एका मैत्रिणीने ‘वंशवाद’ सुचवला, तर दुसरीला त्यात पुढाऱ्यांची घराणेशाही दिसली. घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे मराठी शब्दाची छटा मला चटकन जाणवतेच असं नाही. नेमका शब्द कोणता? आणि अशा कादंबऱ्यांत मनावर होणारा जो परिणाम दाखवतात, त्याला ‘न्यूनगंड’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर :
ताई, शब्द तिन्ही रुळलेले आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

‘वर्णद्वेष’ म्हटलं की द्वेष करणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत सिराजने प्रेक्षकांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा आपल्याकडे ‘वर्णद्वेषी शेरेबाजी’ असं छापून आलं. तिथे तो शब्द चपखल होता. कादंबरीत मात्र पुष्कळदा असा उघड द्वेष करणारा सापडतच नाही.

तुमच्याच पुस्तकातला दुकानाचा प्रसंग बघा. पेकोला ही काळी मुलगी तीन पेनी घेऊन गोळ्या आणायला जाते. गोरा दुकानदार तिच्याकडे बघतो, पण ती त्याला दिसतच नाही. पैसे घेताना तो घुटमळतो, तिच्या हाताला हात लागायला नको म्हणून. शिवी नाही की हाकलणं नाही, गोळ्यासुद्धा मिळतात. तरी दुकानातून निघताना ती पोर लाजेने मेलेली असते. याला ‘द्वेष’ म्हटलं तर प्रसंगच हातचा निसटतो, कारण दुकानदाराला तिचा राग नाही, ती त्याच्या खिजगणतीतच नाही. हात न लागू देता पैसे घेणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. म्हणून इथे मला ‘भेद’ हवा वाटतो. ‘जातिभेद’ म्हणताना आपण कुणा एकाच्या रागाबद्दल बोलत नसतो, चालत आलेल्या रीतीबद्दल बोलत असतो. ‘वर्णभेद’ही तसाच वापरावा. दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर वस्त्या, शाळा, बसायची बाकडीसुद्धा रंगावरून वेगळी झाली. त्या राजवटीलाही ‘वर्णभेदी’ हेच विशेषण नेमकं बसतं.

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये (१९६०) ही रीत उघडी पडते. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ असतो, आणि तो खोटा आहे हे कोर्टात दिसून आलेलं असतं. उलटतपासणीत तो बोलून जातो की त्या गोऱ्या मुलीबद्दल त्याला वाईट वाटायचं, म्हणून तो तिची कामं फुकट करून द्यायचा. सरकारी वकील तेवढंच वाक्य पकडतो. मराठीत सांगताना इथे ‘वाईट वाटलं’ गुळमुळीत होतं. ‘कीव आली’ म्हणा. कीव वरच्याने खालच्याची करायची असते. काळ्या मजुराने गोऱ्या मुलीची कीव करणं म्हणजे सगळी उतरंडच उलटी, आणि ते त्या गावाला सोसत नाही.

‘वंशवाद’ म्हणजे माणसाची अक्कल, स्वभाव, लायकी जन्मानेच ठरते ही समजूत. याचं उदाहरण सोलापूरकरांना लांब शोधायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्या कायद्याखाली आपल्या गावात माणसं तारेच्या कुंपणाआड राहिली. कायदा १९५२ मध्ये गेला, पण वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही आहे. अलीकडे हिंदी बातम्यांमुळे ‘वंशवाद’ घराणेशाहीच्या अर्थाने कानावर पडतो, म्हणून टिपणात एकदा अर्थ सांगून मगच तो वापरा. फक्त वंश आणि जात एक करू नका. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं आहे.

दुसरं उत्तर :
वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. ‘न्यूनगंड’बद्दल मात्र ताईंना कळकळीने सांगते, तो शब्द काढून टाका. गंड म्हटलं की दोष त्या मुलीच्या मनातला ठरतो, तिने तो झटकायला हवा होता असं वाटू लागतं. पेकोलाची आई गोऱ्यांच्या घरी कामाला असते. तिथे पेकोलाच्या हातून गरम पदार्थाचं भांडं खाली पडतं, तिचे पाय पोळतात. आई तिला मारते आणि रडणाऱ्या मालकांच्या मुलीला जवळ घेते. आता सांगा, गंड कुणाचा? ही मुलगी देवाकडे निळे डोळे मागते, कारण जवळच्या माणसांनीही तिला तेच शिकवलं आहे.

मराठीत यासाठी नामापेक्षा क्रियापद जास्त खरं बोलतं. ‘तिला स्वतःची लाज वाटते’ असं न लिहिता ‘तिला स्वतःची लाज वाटायला लावली’ असं लिहा. ‘लावली’ म्हटल्याबरोबर कुणी लावली हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडच्या स्थळांच्या बोलण्यातलं ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’ आठवा. त्या ‘पण’ने किती मुलींना आरशासमोर उभं केलं असेल! तेवढ्यापुरता ‘रंगभेद’ हा शब्द ठेवा, तो घरातल्या घरातही चालतो.

विचारणाऱ्या ताई :
दोघांचेही मनापासून आभार. दुकानाच्या प्रसंगात ‘वर्णभेद’ करते, ‘न्यूनगंड’ काढते. एक राहिलं. संवाद मोठ्याने वाचताना काळ्यांना दिलेल्या शिवीसाठी काय म्हणू? ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं की शिवी देणारा सभ्य वाटतो.

पहिलं उत्तर देणारे :
‘कृष्णवर्णीय’ तुमच्या स्वतःच्या वाक्यांत ठेवा, शिवी देणाऱ्याच्या तोंडी नको. ‘हबशी’ही नको, मराठी कानाला त्यात मलिक अंबर आणि जंजिरा ऐकू येतो, म्हणजे सत्ता ऐकू येते. नुसतं ‘काळ्या’ आपण बैलाला आणि जिवलग मित्रालाही म्हणतो, त्यामुळे धार जाते. ‘काळतोंड्या’ बघा, त्यात रंगही आहे आणि थुंकल्यासारखा तिरस्कारही. वाचण्याआधी मंडळींना सांगा की हा शब्द पात्राचा आहे, आणि मग आवाज खाली न आणता वाचा.