बाबांना घेऊन गाविलगड, एका दिवसात: पाण्याचं आणि उन्हाचं कसं करायचं?

खारपाणवाला

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, कोरडवाहू शेती करतो. पावसाळा उघडला की आमच्या वावरातून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. बाबांनी अडुसष्ट वर्षं ती रेघ पाहिली, पण चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर पाय ठेवला नाही. तुरी निघाल्या आहेत. हरभरा सोंगून झाला की फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना न्यायचं ठरवून राहिलो आहे. सोबत तेरा वर्षांची मुलगी. घरी दोन म्हशी आहेत, म्हणून मुक्काम नाही, त्याच दिवशी परत.

बाबांचा उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे, पण सपाटीवर रोज चार-पाच किलोमीटर चालतात. माझा बेत असा: सकाळी सातला शेजाऱ्याची गाडी घेऊन निघायचं, अकराच्या सुमारास गडात शिरायचं, चारपर्यंत फिरायचं. तिघांत दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या. गडात तलाव आहेत म्हणतात, तर पाणी वर भरून घेता येईल ना? चिखलदरा थंड, त्यामुळे उन्हाची मला तेवढी काळजी वाटत नाही. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

पठारावरची मॅडम

भाऊ, अकराला गडात शिरायचं नाही, अकराला परत फिरायचं. बाकी सगळं जमवता येतं, हे एक बदलाच.

मी त्या भागातल्या एका आश्रमशाळेत एकोणीस वर्षं शिकवलं. एका मार्चमध्ये आठवीच्या मुलींना गड दाखवायला नेलं होतं. हवा छान गार, वारा सुटलेला, मुली पळत होत्या. मशिदीजवळ पोचल्यावर एक मुलगी खाली बसली ती बोलेचना. मग उलटी झाली. मी तिची बाटली उचलली तर ती गळ्यापर्यंत भरलेली. सकाळपासून एक घोटही नाही, कारण तिला तहानच लागली नव्हती. दरवाजाच्या कमानीखाली सावलीत निजवलं, ओला दुपट्टा अंगावर टाकला, चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत सावरली. तेव्हापासून मी कुणाला "पाणी प्यायलीस का" असं विचारत नाही, बाटली हातात घेऊन बघते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर, तुमचं दर्यापूर तीनशेच्या आसपास. एवढ्या उंचीच्या फरकानं हवा पाचेक अंशांनी उतरते. पण ऊन तेच. वारा घाम जागीच वाळवतो, शर्ट ओला होत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. फेब्रुवारी सरता सरता सागाची पानगळ झालेली असते, रानात सावली उरत नाही आणि काळा दगड दहानंतर तापायला लागतो. सावली खरी ती दरवाजांच्या कमानींत आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला.

पाणी माणशी तीन लिटर धरा, मुलीलाही. तिघांचं मिळून निम्मं संपलं की जिथं असाल तिथून वळा. गडातला देवतलाव बघायचा बाकी राहिला तरी राहू द्या. तलावातलं पाणी पिऊ नका, ते पावसाचं साचलेलं असतं आणि रानातली जनावरंही त्यावर येतात. घरून पहाटे साडेतीन-चारला निघा, म्हणजे फाटकावर नोंद करून सकाळच्या पहिल्या उन्हात चालायला लागाल. गड मेळघाटच्या जंगलात आहे, बिबट्या आणि अस्वल तिथं नेहमीचे, म्हणून मुलीला पुढे पळू देऊ नका. आणि चपला नकोत. वाळलेल्या गवताचं कुसळ पायात, मोज्यात घुसतं. जाड कापडाची पूर्ण विजार आणि बूट घाला.

पानमळा अंजनगाव

मॅडम बरोबर सांगून राह्यल्या. मी दोन गोष्टी जोडतो. कमानीले अन् कड्याले आग्या मोहोळ असते. तिथं बिडी ओढू नका, अत्तर लावून जाऊ नका, पोरीले गोटे मारू देऊ नका. माशा उठल्या तर म्हाताऱ्या माणसाले पळता येत नाही.

दुसरं, काकाले जाता जाता अंजनगावात पाच मिनिटं थांबवजा. १५ डिसेंबर १८०३ ले इंग्रजांनी गाविलगड घेतला, अन् पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरले, शिंद्यांसोबतचा तह आमच्या सुर्जी-अंजनगावात झाला. गडाची दक्षिण बाजू सरळ तुटलेली, म्हणून तोफा डोंगरातून ओढत फिरवून उत्तरेच्या अंगाले नेल्या होत्या. तुमचे बाबा जन्मभर बैल हाकलेले माणूस, त्यायले हे सांगा. तोफ चढवाले बैलाले काय लागते हे त्यायले तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त समजन.

सिस्टर, प्रा. आ. केंद्र

दादा, बाबांची बीपीची गोळी कोणती ते डॉक्टरांना दाखवून या. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तशी असेल तर उन्हात पाणी लवकर कमी पडतं. गोळी स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका. ओआरएसचं एक पाकीट एका लिटरमध्येच कालवायचं, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाबा चिडचिड करायला लागले, बोलण्यात अडखळले किंवा पाय लटपटले तर "थकले असतील" म्हणून पुढे नेऊ नका. लगेच सावली, ओलं कापड, वारा, आणि गाडीकडे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

खारपाणवाला

मॅडम, तुमची ती भरलेली बाटली वाचून मी मुलीला हाक मारून तेवढाच भाग वाचून दाखवला.

बेत बदलला. पहाटे साडेतीनला निघतो, म्हशींची धार चुलतभाऊ काढणार आहे. पाण्याच्या तीन-तीन लिटरच्या तीन कॅन माझ्या पाठीवर. आमच्या विहिरीचं पाणी खारं, म्हणून नळाचं आदल्या रात्रीच भरून ठेवू. शिदोरीला दशम्या, ठेचा आणि कांदा. बाबांना काठी घेतली आहे, नाही म्हणत होते, पण तोफांची गोष्ट सांगितल्यावर घेतली. त्यांचा एकच प्रश्न आहे आणि मला उत्तर देता आलं नाही: गडावरून आमचं वावर दिसेल का?

पठारावरची मॅडम

फेब्रुवारीच्या शेवटी हवेत धूळ असते, वावर ओळखू येणार नाही. पण दक्षिणेच्या कड्यावर, काठापासून चार हात मागे, त्यांना बसवा आणि सकाळी नऊच्या आत बसवा. वऱ्हाडाचं सपाट रान खाली पसरलेलं दिसेल. येताना गडाच्या दिल्ली दरवाजावर कोरलेलं गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, मुलीला दाखवायला विसरू नका, मान वर करून बघावं लागतं.