घटनादुरुस्तीला किती सभासदांची संमती लागावी? कामगार संघटनेच्या नियमावलीवर चर्चा

सातपूरकर (धाग्याचे लेखक)

आमच्या कारखान्यातील अंतर्गत संघटनेची घटना सध्या दुरुस्तीसाठी हाती घेतली आहे. निमित्त कायद्याचे आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा इतिहासजमा झाला. जुन्या नोंदणीकृत संघटना नव्या संहितेखालीही नोंदणीकृत मानल्या जातात; मात्र आपली घटना संहितेशी जुळवून घेतल्याचे निवेदन आणि सुधारित नियम त्यांनी निबंधकांकडे, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाखल करायचे आहेत. त्यामुळे एरवी फक्त निवडणुकीच्या वादात कपाटातून बाहेर येणारी वही आता प्रत्येक संघटनेला उघडावी लागणार आहे.

आम्ही ती उघडली तेव्हा पहिला पेच घटनादुरुस्तीच्याच कलमात निघाला. सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताने दुरुस्ती करता येईल, असे ते कलम सांगते. सभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण सभासदांच्या एक-पंचमांश आहे. त्याखाली सर्वांच्या परिचयाचे वाक्य आहे: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.’ समजा, सभासद चारशे आहेत. ऐंशी जण जमले की गणपूर्ती होते आणि त्यांतील चौपन्न जणांना घटना बदलता येते. ऐंशीही जमले नाहीत आणि तहकूब सभेला तीसच जण थांबले, तर वीस हात पुरतात. हिशेब तपासणे किंवा शोकप्रस्ताव यांसाठी ही सवलत ठीक आहे. पण पदाधिकाऱ्यांची मुदत, निधीचा विनियोग किंवा सभासदाला काढून टाकण्याची रीत वीस जणांनी बदलावी, हे मला मान्य नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की, घटनादुरुस्तीला तहकूब सभेची सवलत नसावी, मतदान तिन्ही पाळ्यांत गुप्त पद्धतीने घ्यावे आणि एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक मते बाजूने पडली तरच दुरुस्ती संमत मानावी. यावर मते हवी आहेत, विशेषतः विरोधातील.

जुना_सरचिटणीस

विरोधातील मत हवे आहे म्हणता, तर स्पष्टच लिहितो. आपल्या कलमाखाली घटनेत कधीच काही बदलणार नाही. ‘एकूण सभासदांपैकी निम्मे’ हे ऐकायला लोकशाहीचे वाटते, परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ असा की जो मत द्यायला आलाच नाही, तो आपोआप विरोधक ठरतो. आजारी रजेवरचा माणूस, गावी पेरणीला गेलेला माणूस आणि ज्याला संघटनेशी काही देणेघेणे उरलेले नाही असा माणूस, हे तिघेही आपण ‘नाही’च्या रकान्यात टाकता.

दुसरे असे की, एकूण सभासद म्हणजे नक्की कोण? मी सभासद नोंदवह्या पाहिल्या आहेत. निवृत्त झालेले, बदली होऊन दुसऱ्या प्रकल्पात गेलेले आणि वर्षभर वर्गणी थकलेले, सगळे त्यात असतात, कारण नाव कमी करण्याचे धाडस कोणताच खजिनदार निवडणुकीच्या तोंडावर करत नाही. या फुगलेल्या यादीचे निम्मे गाठायचे म्हणजे प्रत्यक्षात पासष्ट-सत्तर टक्के कामगारांनी एकमुखाने बोलावे लागते. तसे ते फक्त बोनसच्या वेळी बोलतात.

माझ्या अनुभवात घटना सहज बदलली जाण्यापेक्षा न बदलल्याने झालेले नुकसान मोठे आहे. पुष्कळ संघटनांच्या घटनेत वर्गणीचा आकडाच लिहून ठेवलेला असतो. २००१ च्या दुरुस्तीने कायद्यात किमान वर्गणी संघटित क्षेत्रासाठी वर्षाला १२ रुपये ठरवली होती, आणि त्या काळी ज्यांनी तोच आकडा मुकाट्याने घटनेत उतरवला, त्यांना आज वकिलाची एका तारखेची फी द्यायची तरी दारोदार पावती पुस्तक घेऊन फिरावे लागते. वर्गणी वाढवायची म्हणजे घटनादुरुस्ती, आणि घटनादुरुस्ती म्हणजे आपले निम्मे सभासद!

तिसरी_पाळी

वर लिहिलेले पटले नाही. सरचिटणीस महोदय म्हणतात की लोक येत नाहीत. लोकांना येता येईल अशी सभा ठेवता का, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. सभा नेहमी पहिली पाळी सुटल्यावर असते. त्या वेळी दुसरी पाळी यंत्रावर उभी असते, तिसऱ्या पाळीचा माणूस घरी झोपलेला असतो, आणि पहिल्या पाळीचे अर्धे लोक कंपनीची बस चुकेल म्हणून निघून जातात. उरतात ते कार्यकारिणीच्या आजूबाजूचे. अशा सभेतील दोन-तृतीयांश म्हणजे एका पाळीच्या एका गटाचे दोन-तृतीयांश होत.

आणखी एक गोष्ट लिहितो. फलकावर जी सूचना लागते, तिच्यात दुरुस्तीचा मसुदा कधीच नसतो. ‘घटनादुरुस्तीबाबत विचार करणे’ एवढीच ओळ असते. काही वेळा तीही नसते आणि दुरुस्ती ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमाखाली, चहा वाटला जात असताना, वाचून दाखवली जाते. सूचक ठरलेला असतो, अनुमोदक ठरलेला असतो आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. बहुमताचा आकडा काहीही ठेवा. मूळ कलम आणि प्रस्तावित कलम शेजारी शेजारी छापून किमान एकवीस दिवस आधी फलकावर लावल्याशिवाय मतदान घेता येणार नाही, ही अट घटनेत हवीच.

ठेक्यावरचा

आपण तिघेही जे आधीच आत आहेत त्यांच्याबद्दल बोलत आहात. मी त्याच शेडमध्ये, त्याच लाइनवर काम करतो, पण ठेकेदाराकडून. आपल्या घटनेत ‘कंपनीच्या कायम सेवेतील कामगार’ एवढ्यांनाच सभासद होता येते, असे मला सांगण्यात आले. १९२६ च्या कायद्यात सर्वसाधारण सभासद त्या उद्योगात प्रत्यक्ष काम करणारा असावा, एवढीच अट होती. ‘कायम’ची अट संघटनांनी स्वतः घातली. आता ती काढायची असेल तर मतदान कोण करणार? कायम कामगार. आणि सातपूरकरांच्या प्रस्तावानुसार त्यांच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक जणांनी आमच्या बाजूने उठून मत द्यावे लागेल. अवघड अट सर्वांना सारखीच लागू असते असे दिसते, पण ती नेहमी आत असलेल्यांच्या सोयीची असते.

कलमवाचक

या वादात कायद्याने स्वतः कोणते आकडे घातले होते, ते पाहणे उपयोगी ठरेल. १९२६ च्या कायद्याने घटनादुरुस्तीची रीत नियमांत लिहिणे बंधनकारक केले होते, मात्र बहुमत किती असावे हे संघटनेवर सोडले होते. दोन बाबतींत मात्र कायद्याने विश्वास टाकला नाही. संघटनेचे नाव बदलायचे तर एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश जणांची संमती हवी होती, म्हणजे हजर असलेल्यांची नव्हे. दोन संघटनांचे विलीनीकरण करायचे तर प्रत्येक संघटनेतील किमान निम्म्या मतदारांनी मतदान केलेले असावे आणि पडलेल्या मतांपैकी किमान ६० टक्के मते बाजूने असावीत, अशी दुहेरी अट होती. मला ही दुसरी रचना अधिक शहाणपणाची वाटते. तिच्यात गैरहजर माणूस विरोधक ठरत नाही, आणि वीस जणांचा कारभारही चालत नाही. चारशे सभासदांत दोनशेंनी मत दिले पाहिजे आणि त्यांतील एकशे वीस बाजूने हवेत.

नोंदणीची जुनी रीतही लक्षात घ्यावी. दुरुस्ती झाल्यापासून पंधरा दिवसांत तिची प्रत निबंधकांकडे पाठवायची असे. निबंधक ती कायद्याला धरून आहे का आणि घटनेत दिलेल्या रीतीने झाली आहे का, एवढेच तपासत. ती कामगारांच्या हिताची आहे की नाही, हे ठरवणे त्यांचे काम नव्हते. म्हणून दुरुस्तीचे कलम ढिले असेल, तर बाहेरून कोणी वाचवायला येत नाही.

ज्यांना हा सारा कागदी खटाटोप वाटतो, त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची गोष्ट आठवावी. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देण्याचे श्रेय लोखंड्यांच्या चळवळीला जाते. तरीही १८९२ च्या सरकारी अहवालाने या असोसिएशनला संघटना मानायला नकार दिला, कारण तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि नियम नव्हते. सरकारची नियत काय होती ते उघड आहे, पण नाकारायला हत्यार मिळाले ते या तीन उणिवांचे. सरचिटणीसांनी सभासद यादीचा जो मुद्दा काढला, तो म्हणूनच या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

जुना_सरचिटणीस

यादीबद्दल एकमत झाले, हे चांगले. दुहेरी अट मी मान्य करीन, परंतु सरसकट नाही. वर्गणी, भत्ते, उपसमित्या, सभेची वेळ यांसारख्या गोष्टी घटनेतून काढून उपनियमांत न्याव्यात आणि त्या साध्या बहुमताने बदलता याव्यात. एकाहून अधिक संघटना असतील तेथे, नव्या संहितेत मालकाशी वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरायला हजेरीपटावरील कामगारांचा किमान ५१ टक्के पाठिंबा लागतो. तेथवर पोहोचायचे तर दैनंदिन कारभार हलका हवा. आणि तिन्ही पाळ्यांतील मतदानाची हौस असेल तर एवढेही लिहा की मतपेटी रात्रभर कोणाच्या ताब्यात राहील. मी मतपेटीवरून झालेली मारामारी सोडवलेली आहे.

सातपूरकर

सर्व प्रतिसाद मसुदा समितीपुढे वाचले. एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट सोडून कलमवाचकांची दुहेरी अट घेतली आहे. आता मसुदा असा आहे:

‘या घटनेत दुरुस्ती करण्यासाठी मूळ व प्रस्तावित मजकूर किमान एकवीस दिवस आधी सूचना फलकावर लावण्यात येईल. ऐनवेळच्या विषयांत किंवा तहकूब सभेत घटनादुरुस्ती घेता येणार नाही. मतदान प्रत्येक पाळीत गुप्त पद्धतीने होईल. मतदानाच्या दिवशी तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेली नाही अशा सभासदांपैकी किमान निम्म्यांनी मतदान केलेले असल्यास व पडलेल्या मतांपैकी किमान ६० टक्के मते बाजूने असल्यास दुरुस्ती संमत होईल.’

मतपेटीला दोन कुलुपे असतील. एक किल्ली सरचिटणीसाकडे आणि दुसरी प्रस्तावाच्या विरोधकांनी नेमलेल्या सभासदाकडे राहील. वर्गणीचा आकडा उपनियमांत नेला आहे.

‘कायम’ची अट काढण्यावर समितीत तीन विरुद्ध दोन असे मत पडले आणि ती राहिली, माझे मत त्या दोघांत होते. ती काढण्याचा प्रस्ताव मी स्वतंत्रपणे फलकावर लावणार आहे, त्याच एकवीस दिवसांच्या मुदतीने. ठेक्यावरच्या मित्रांना त्यावर मत देता येणार नाही, परंतु मजकूर लिहिताना त्यांनी सोबत बसावे, अशी विनंती आहे.